इकडे तुझं मत चालत नाही

झीताचा हात हलका होता. अळंबी खुडण्याच्या कामात याहून मोठं कौतुक नाही. टोपी बोटांत धरायची पण दाबायची नाही, कारण दाबली की थोड्याच वेळात तिथे तपकिरी डाग उमटतो आणि दुकानवाला अख्खा माल परत धाडतो. हलकेच पीळ देऊन उपटायची, देठ चाकूने छाटायचा आणि डब्यात टोपी वर करून मांडायची. आयर्लंडमधल्या मोनाहनजवळच्या त्या फार्मवर झीता हे काम इतकी वर्षं करत होती की नव्या बायकांना आधी तिच्या शेजारी उभं करत. "हिच्या हाताकडे बघा, तोंडाकडे बघून काही कळायचं नाही," असं मुकादम वाइदोतास त्यांना सांगायचा. ते खरंही होतं.

मालक आयरिश, खाली अंथरलेली माती आयरिश, आणि अंधाऱ्या खोल्यांत, शेल्फांच्या रांगांमध्ये, कपाळाला दिवा बांधून घामेजून कंबर मोडून घेणारे बहुतेक सगळे लिथुआनियाचे. कारखाने बंद पडले तेव्हा तिकडची अर्धी गावं अशी निघून आली होती. मागे राहिलेल्यांनी त्यांना काय काय नावं ठेवली होती! देश सोडून पळाले, पैशाला भुलले, म्हाताऱ्यांना आणि पोरांना टाकून गेले. वर्षभर हेच चालायचं. फक्त मे महिना आला की तीच मंडळी अचानक 'परदेशातले आपले बंधुभगिनी' व्हायची, आणि याचं कारण होतं टीव्हीवरची गाण्यांची स्पर्धा.

साऱ्या युरोपातले देश एकेक गाणं पाठवतात आणि घरोघरचे लोक फोनवरून पैसे भरून मतं देतात, एकेकाला बरीच देता येतात. त्यात नियम असा, की ज्या देशात बसून तुम्ही बघताय त्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. म्हणजे लिथुआनियात राहणाऱ्याला लिथुआनियाच्या गाण्याचा कितीही पुळका येवो, त्याचा फोन उपयोगाचा नाही. मत द्यायचं तर ते सोडून गेलेल्यांनीच. त्यामुळे दरवर्षी फार्मवरची मंडळी चर्चच्या हॉलमध्ये जमत, लसूण चोळलेल्या काळ्या पावाचे तळलेले तुकडे आणि बीटचं गार सूप मांडत, पिवळा-हिरवा-लाल झेंडा लावत आणि गाणं कितीही टुकार असलं तरी बोटं दुखेपर्यंत मतं देत. त्या एका संध्याकाळी कुणी त्यांना पळपुटं म्हणत नसे.

त्या वर्षीचं गाणं मात्र टुकार नव्हतं. आणि ते गाणारी मुलगी झीताची होती.

झीता लिथुआनियातल्या कुपिश्किसहून निघाली तेव्हा रुस्ने पाच वर्षांची होती. नवरा दारू पिऊन आधीच कुठेतरी गेला होता, शिवणकामाच्या कारखान्याला कुलूप लागलं होतं. आपल्या आईच्या, ब्रोन्याच्या, पदरात पोरीला टाकून झीता म्हणाली, "दोन वर्षं. छप्पर दुरुस्त करण्यापुरते जमले की आलेच." छप्पर झालं. मग खिडक्या झाल्या. मग रुस्नेच्या शिक्षिकेने सांगितलं की पोरीचा गळा चांगला आहे, तिला संगीतशाळेत घाला, घरी पियानो हवा. पियानो झाला. दर वेळी 'एवढं झालं की येते' असं ती म्हणत राहिली आणि दर वेळी पुढचं काहीतरी निघत गेलं. अळंबी एका दिवसात दुप्पट होते, ती नाताळ बघत नाही, रविवार बघत नाही. मग झीताच्या ऐवजी खोकं जायचं. चॉकलेट, बूट, जाकीट, आणि पोरगी वाढते आहे म्हणून सगळं एक माप मोठं.

ती जायची नाही असं नाही. एकाआड एक उन्हाळ्यात जायची. पण बसमधून उतरलेल्या या बाईला बघून रुस्ने आजीच्या मागे लपायची. शाळेत जायला लागल्यावर ती आजीला 'आई' म्हणू लागली आणि आईला 'झीता'. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ब्रोन्या ओशाळून हसली होती. "लहान आहे गं, सुधारेल." पोरीने काही सुधारलं नाही आणि झीतानेही पुढे कधी टोकलं नाही.

फेब्रुवारीत रुस्नेचं गाणं देशात पहिलं आलं. झीताला ते फोनवर रेगिनाने दाखवलं. रेगिना तिची खोलीतली सोबतीण, फार्मवर शेजारच्या शेल्फवर खुडणारी, जिभेला हाड नसलेली बाई. स्वतःची दोन मुलं पानेवेझिसला सासूकडे ठेवून आलेली. दोघी पलंगाच्या कडेला बसल्या. पडद्यावर पांढऱ्या झग्यात रुस्ने उभी होती, मागे रिकामं स्वयंपाकघर आणि टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं. गाण्याचं ध्रुपद साधं होतं. 'खोकं आलं, आई नाही आली. बूट मोठे, मी लहान. आता बूट लहान झाले, आई, आता नकोच येऊ.'

गाणं संपेपर्यंत रेगिनाचा चेहरा लालबुंद झाला.

"नाही आली म्हणे! अगं, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तू गेली नव्हतीस? त्याच्या आधी? तो पियानो काय ढगातून पडला का?"

"गाण्यात तेवढं चालतं," झीता म्हणाली.

"काय चालतं? अख्ख्या युरोपासमोर आईचे वाभाडे काढणं चालतं?"

"आवाज बघ कसा लागलाय तिचा. वरच्या सुराला जराही कापत नाही."

रेगिनाने कपाळावर हात मारून घेतला. झीताने गाणं पुन्हा लावलं. त्या रात्रीपासून ते तिला तोंडपाठ झालं, आणि खुडताना कधी कधी ती तेच गुणगुणायची. खुडायच्या खोलीतल्या बायका ते ऐकून एकमेकींकडे बघायच्या. तिकडच्या एका वर्तमानपत्रवाल्याने कुठूनसा तिचा नंबर काढून फोन केला, तर तिने 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवून दिला. मालकीणबाई नोरा यांना तर तिने गायिका आपली कोण, याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

मार्चमध्ये झीताने एक गोष्ट केली, जी तिने सोळा वर्षांत कधी केली नव्हती. ऐन हंगामात रजा मागितली. अंतिम फेरीच्या आठवड्यात कुपिश्किसला जायचं, आईच्या स्वयंपाकघरात बसून लेकीचं गाणं बघायचं. सगळा गोतावळा जमणार होता. तिने विमानाचं तिकीट काढलं, बटाट्याचा कुगेलिस करायचा म्हणून नवं भांडंसुद्धा घेतलं. लेक परत येईल तेव्हा दारात आपण असू, एवढं तिला पुरेसं होतं. गाण्याला तिच्याजवळ दुसरं काही उत्तर नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी रुस्नेचा फोन आला. वर्षभरात पहिला.

"मामा," रुस्ने म्हणाली.

झीता त्या वेळी जेवणाच्या सुट्टीत बाहेर व्हॅनला टेकून उभी होती. ती खालीच बसली. 'मामा' म्हणजे त्यांच्या भाषेत आई, आणि पोरीच्या तोंडून तो शब्द इतक्या वर्षांनी येत होता.

"बोल गं राणी."

"आजी म्हणाली तू येतेयस."

"हो, तिकीट काढलंय. कुगेलिस करते, तुला आवडतो ना, जरा करपलेला..."

"ऐक ना. येऊ नकोस." मग घाईघाईने, "म्हणजे, राग मानू नकोस. पण इकडे तुझं मत चालत नाही ना. इकडे आलीस तर ते फुकट जाईल. तिकडे राहिलीस तर उपयोग आहे. आमचे गाण्याचे सर म्हणतात, आयर्लंडमधून चांगली मतं आली तर आपण वर जाऊ. तुझ्या त्या फार्मवर किती जण आहेत?"

"आहेत पुष्कळ."

"मग सांगशील त्यांना? तुझं ऐकतील ते. आणि मामा, कुणी पेपरवाल्याने विचारलं तर..."

"चुकीचा नंबर म्हणून सांगितलं मी."

"थँक यू," रुस्ने म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच हलका झाला. "गाण्याचं समजून घे हं. ते गाणं आहे."

"समजते गं मी. नंतर येशील एकदा इकडे? समुद्र दाखवते."

"बघू ना. स्पर्धा होऊ दे."

'बघू' या शब्दावर झीताने पुढचे तीन आठवडे काढले. तिकीट वाया गेलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. आपण लेकीच्या कामाला येऊ शकतो, आणि तेही इथे आहोत म्हणूनच येऊ शकतो, हे तिच्या डोक्यात असं काही बसलं की तिने कंबर कसली. कधी कुणाशी चार शब्द न बोलणारी ही बाई खोल्याखोल्यांतून फिरू लागली. डबे भरताना, हात धुताना, व्हॅनमध्ये, लिथुआनियन दुकानात काळा पाव घेताना, जो भेटेल त्याला ती सांगायची, "शनिवारी मत द्या हं. एकच नाही, चालतील तेवढी द्या."

लोक ऐकून घेत, पण त्यांना जड जात होतं. त्या फार्मवर असं एकही माणूस नव्हतं ज्याच्या घरी खोकं गेलं नव्हतं. गाण्यातली आई झीता असेल, पण खोकं सगळ्यांचं होतं. रेगिनाने तर सगळ्यांदेखत तिला अडवलं.

"मी नाही देणार. स्वतःच्या पैशाने थोबाडीत मारून घ्यायला मला वेड नाही लागलं."

"माझ्यासाठी दे."

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी मी त्या कार्टीचे कान उपटीन. तुझं काय गं अडलंय तिच्यावाचून?"

"मामा म्हणाली मला ती, फोनवर."

रेगिना काहीतरी तोडून टाकणारं बोलणार होती. मग चाकू उगाचच एप्रनला पुसत म्हणाली, "बरं. देते. पण टाळ्या वाजवणार नाही, सांगून ठेवते."

शनिवारी संध्याकाळी हॉल खचाखच भरला. बाहेर अजून लख्ख उजेड होता, म्हणून वाइदोतासने खिडक्यांना माल झाकायच्या काळ्या ताडपत्र्या लावल्या. झीताने नव्या भांड्यात कुगेलिस करून आणला होता, वरून करपवलेला. यंदा नोराही आल्या, सोबत त्यांच्या दोघी बहिणी. आयर्लंडचं गाणं आधीच बाद झालं होतं, तेव्हा तुमच्या मुलीला बघतो म्हणाल्या. 'तुमच्या' म्हणजे तुमच्या देशाच्या, एवढंच त्यांच्या मनात.

रुस्ने पडद्यावर आली. तेच स्वयंपाकघर, तेच खोकं, फक्त सगळं दसपट मोठं. झीता उभी राहिली आणि मग मागच्यांना दिसत नाही म्हणून पुन्हा बसली. पोरगी बारीक झाली होती. हनुवटी थेट आजीची. ध्रुपद आलं तेव्हा हॉलमध्ये कुणाच्या चमच्याचासुद्धा आवाज नव्हता. 'आई, आता नकोच येऊ.' पुरुष बुटांकडे बघत होते. एक बाई उठून ताडपत्रीमागे गेली आणि गाणं संपेपर्यंत आली नाही.

"किती गोड गाते!" नोरा झीताच्या कानाशी वाकून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पण शब्द काय आहेत गं? कशाबद्दल आहे?"

रेगिनाने झीताकडे पाहिलं.

झीताने पडद्यावरून नजर हलवली नाही. "तिची आई वारली," ती म्हणाली. "लहानपणीच. त्याचं गाणं आहे."

"अरे देवा, पोरकी आहे का बिचारी!" नोरांनी लगेच बहिणींना सांगितलं, बहिणींनी फोन काढले, आपापल्या सुना-लेकींना कळवलं. त्या पोरक्या मुलीला मत द्या म्हणून मोनाहनभर निरोप गेला असेल. हॉलमध्येही फोन निघाले. हे एक नवलच होतं. ज्यांना त्या गाण्याने भर चौकात उभं केलं होतं, तेच माना खाली घालून त्याला मतं देत होते. झीताने आपली सगळी दिली, मग एका म्हाताऱ्याला फोन चालवता येईना तर त्याचीही देऊन टाकली. रेगिनाने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मतं दिली.

लिथुआनियाचं गाणं सहावं आलं. गेल्या कित्येक वर्षांत एवढं वर कधी गेलं नव्हतं. झीताने लेकीला लिहिलं, 'छान गायलीस. वरचा सूर स्वच्छ लागला.' निरोप वाचला गेल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही, पण आता तिकडे किती गडबड असेल, असं ती रेगिनाला दोनदा म्हणाली.

रविवारी सकाळी देशवार मतं जाहीर झाली. आयर्लंडच्या जनतेने आपले सर्वाधिक गुण लिथुआनियाला दिले होते. खुडायच्या खोलीत वाइदोतासने ट्रॉलीवर चढून ते ओरडून सांगितलं आणि बायकांनी डबे वाजवले. झीता हसली. रेगिनाने असं हसताना तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहून तिला धडकीच भरली.

"आता येईल बघ ती," झीता म्हणाली. "जूनमध्ये समुद्र चांगला असतो."

दुपारी रुस्नेचं विमान विल्निअसला उतरणार होतं आणि टीव्हीवाले ते थेट दाखवणार होते. खोलीत फोन आणायला मनाई असते, पण त्या दिवशी वाइदोतासनेच आपला फोन डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवला. सगळ्या बायका हातातले चाकू तसेच धरून भोवती जमल्या. नोराही अभिनंदन करायला केक घेऊन आल्या होत्या, त्या मागे उभ्या राहिल्या.

विमानतळावर ही गर्दी, झेंडे, फुलं. रुस्ने काळा चष्मा डोक्यावर सारून हसत होती. वार्ताहर पोरगेलासा होता, त्याने माईक पुढे केला.

"आयर्लंडने सगळ्यात जास्त गुण दिले तुम्हाला! लोक म्हणतात, ती आपल्याच तिकडच्या लोकांची मतं."

रुस्नेने नाक किंचित मुरडलं. "असं का म्हणायचं? प्रत्येक वेळी आपण स्वतःला एवढं कमी का लेखतो? आयरिश लोकांना गाण्याचा कान आहे. त्यांनी सोसलंय, त्यांना ते गाणं भिडलं. खुडणाऱ्या-बिडणाऱ्यांनी दिलेली मतं म्हटलं की सगळी किंमतच जाते हो."

"तिकडे तुमचं कुणी आहे का?"

झीता फोनच्या आणखी जवळ सरकली.

"नाही," रुस्ने म्हणाली. "तिथे माझं कुणी नाही." मग तिने बाजूला हात लांब केला आणि गर्दीतून ब्रोन्याला ओढून जवळ घेतलं. म्हातारी डोक्यावरचा रुमाल सावरत कॅमेऱ्याकडे न बघता खाली बघत होती. "ही माझी आई. जे काही आहे ते हिनं केलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण तेवढ्यात माईक दुसरीकडे गेला.

वाइदोतासने हात पुढे करून फोन बंद केला. कुणी कुणाकडे बघेना. रेगिनाच्या हातातल्या अळंबीचा पार चुरा झाला होता, तो तिने खाली टाकला.

"काय म्हणाली? आमच्याबद्दल काही म्हणाली का?" नोरांनी मागून विचारलं. सगळ्या गप्प होत्या म्हणून त्यांना वाटलं, आनंदाने गळे दाटले असतील.

रेगिना गर्रकन वळली. आता ती सगळं सांगणार, कोण कुणाची आई, कोण मेली आणि कोण जिवंत आहे, सगळं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. झीताने तिच्या मनगटाला हात लावला. त्याच हलक्या हाताने, डाग पडू नये तसा.

"म्हणाली," झीता म्हणाली, "की इथे तिचं कुणी नाही."

काल सांगितलेलं खोटं होतं, हे मात्र तिने शब्दाला शब्द सांगितलं.

"अगं बाई," नोरा कळवळून म्हणाल्या. "कुणी नाही कसं? आम्ही आहोत की! तुम्ही कळवा ना तिला कुणीतरी."

"कळवते," झीता म्हणाली. तिने दिवा पुन्हा कपाळावर ओढला आणि शेल्फाकडे वळली. सकाळी लहान म्हणून सोडलेली अळंबी आता खुडायला आली होती.